जे जास्त, ते आधी

"पाणी," लेबल म्हणाला आणि क्रीमची डबी त्याने खुर्चीतल्या बाईंच्या नाकापुढे धरली. "एवढी महागडी डबी, आणि पहिलं नाव कुणाचं? पाण्याचं. घरी नळ नाही का तुमच्या?"

खुर्चीतल्या बाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. डोकं काळ्या रंगाने माखलेलं, गळ्याभोवती प्लॅस्टिकचा कपडा. त्या खुदकन हसल्या. त्यांच्या कानामागे ब्रश फिरवणारी लेबलची बायको मात्र हसली नाही. पार्लर तिचं होतं, डबी तिची होती आणि आता काय करणार, नवराही तिचाच होता.

लेबलचं खरं नाव गल्ली कधीच विसरली होती. साबण-शांपूच्या कारखान्यात बाटल्यांवरची लेबलं तपासण्यात त्याची हयात गेली. निवृत्त झाला तसा पार्लरच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसला, तो बसलाच. एक नियम त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीच्या गळी उतरवला होता. डबीवरच्या यादीत जे जास्त ते आधी, जे कमी ते शेवटी. "बदामाचा शांपू म्हणता? शोधा बदाम. सापडला? पार तळाला, वासाच्याही खाली. बदाम नुसता खिडकीतून दाखवला असेल." केस मऊ लागतात ते सिलिकोनने, फेस येतो तो सल्फेटने, आणि किंमत वाढते ती बाटलीच्या बाकदार कमरेने.

यातलं काही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. एक गिऱ्हाईक नाइट क्रीम घ्यायला आलं आणि पेलाभर पाणी पिऊन परत गेलं. दुसरी तर फेशियल अर्ध्यावर टाकून उठली आणि तोंड धुऊन चालती झाली. बायकोने सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. स्टूल उचलून माळ्यावर टाकून पाहिलं. तर हा उभ्याने वाचू लागला. उभ्याने आवाज पार चौकापर्यंत जातो हे कळल्यावर तिनेच मुकाट्याने स्टूल खाली काढलं. पुलापलीकडे बहिणीचा गाळा रिकामा होता. "इकडे हलव गं पार्लर," बहीण सारखी म्हणे. "बघू," बायको म्हणे. त्या एका 'बघू'वर संसार टिकून होता.

"भाऊजी," मुख्याध्यापिका आरशातून म्हणाल्या, "शांपूचं कळलं. आता तुमच्या सुखाचं लेबल वाचा की. काय काय आहे त्यात?"

लेबलचा चेहरा उजळला. इतका चांगला प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नव्हता. "सकाळचा चहा," त्याने बोटांवर मोजायला घेतलं. "पेपर. दुपारची झोप. रेडिओ. खिडकीतलं ऊन. गुडघ्याचं मलम." मग त्याने मोठ्या प्रेमाने बायकोकडे पाहिलं. "आणि ही."

नियम सगळ्यांना पाठ होता. बाकावर भुवया कोरून घ्यायला बसलेल्या म्हातारीलासुद्धा.

"मलमाच्याही खाली," म्हातारी हळहळली.

बायकोने ब्रश वाटीत ठेवला. अ‍ॅप्रन काढला, त्याची घडी घातली, घडी लेबलच्या हातात दिली. "बाईंचं डोकं तुम्हीच धुवा. मी बहिणीकडे चालले. उद्या सामानाला टेम्पो येईल."

आणि ती खरंच पायऱ्या उतरली.

लेबल अनवाणी मागे धावला. त्याच्या मागे मुख्याध्यापिका, कपाळावरून काळे ओघळ, पाठीवर प्लॅस्टिक फडफडतंय. समोरून त्यांच्याच शाळेची दोन पोरं येत होती, ती भिंतीला पालीसारखी चिकटली.

"अगं, ऐक तर," लेबल धापा टाकत म्हणाला. "बाटलीत तळाला काय असतं? प्रिझर्वेटिव्ह. असतो थेंबभरच. पण तो नसला तर अख्खी बाटली नासते, बुरशी धरते. चहा, पेपर, ऊन, सगळ्याला बुरशी येईल गं. तू शेवटीच असणार, दुसरीकडे कुठे लिहू तुला?"

बायको थांबली. इतक्या वर्षांत त्याने तिचं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं. आता केलं, तेही बुरशीच्या साक्षीने.

"वहिनी, उत्तर बरोबर आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पण माझं डोकं चुरचुरतंय."

बायकोने एक मोठा श्वास सोडला आणि ती मागे फिरली. लेबलच्या जिवात जीव आला. जीव आला की जीभही आली.

"आणि तुझ्या लेबलावर मी कुठे?"

"पहिले," ती म्हणाली. वळूनही न बघता.

लेबल असा फुलला की गल्ली त्याला अरुंद झाली. वाण्याला म्हणाला, "पहिले." इस्त्रीवाल्याला म्हणाला, "आपण पहिले." पार्लरच्या पायऱ्या तो वरातीतल्यासारखा चढला. आत टेबलावर ती क्रीमची डबी तशीच पडली होती. सवयीने त्याने उचलली. सवयीने पहिलं नाव वाचलं.

डबी त्याने हळूच खाली ठेवली. मग त्याने कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि आपल्या हाताने माळ्यावर ठेवलं.

बायकोने बाईंची मान बेसिनवर टेकवली होती. तिने आतूनच हाक मारली, "पाणी."

"आलो," लेबल म्हणाला.