माझूआईचे केस

दोन्ही तुकडे पालथे पडले. म्हणजे नाही.

लानच्यूने ते चंद्रकोरीसारखे लाकडी तुकडे उचलले, कपाळाला लावले आणि पुन्हा टाकले. एक उताणा, एक पालथा पडला असता तर देवी हो म्हणाली असती. पुन्हा दोन्ही पालथे. तिसऱ्यांदाही तेच. देवळात बसलेल्या बायका एकमेकींकडे बघेनात.

“झालं,” देवळाच्या समितीचे प्रमुख झाओकुनकाका म्हणाले. “आईला वाहिलेलं ते आईचं, परत मागायचं नसतं. जुने केस भट्टीत जातील, आईला जाळून वाहायच्या सोनेरी कागदाबरोबर.”

“काका, माझ्या लेकीचे आहेत ते.”

“ठाऊक आहे. पण नाही कोण म्हणालं? मी म्हणालो का?”

आमच्या माझूआईला खरे केस आहेत. दर्यावर जाणाऱ्यांची ती राखणदार. दीड हात उंचीची लाकडी मूर्ती, हातपाय हलणारे, आणि डोक्याच्या कापडी टोपीला गावच्या कुणा ना कुणा मुलीने नवसाने दिलेले केस. आत्ताचे लानच्यूच्या रुईलिनचे. बापाची होडी वादळात अडकली तेव्हा पोरीने कात्री घेतली, वेणी कापली आणि आईपुढे ठेवली. बाप परत आला. त्याच हिवाळ्यात रुईलिन तापाने गेली. देवीचा व्यवहार आपल्याला कुठे कळतो?

तेव्हापासून देवीच्या वाढदिवसाआधी पडदा ओढून मूर्तीला न्हाऊ घालायला दोघी जात, लानच्यू आणि तिची बालमैत्रीण बीयुन. टोपी काढून केस धुवायचे ते बीयुनने, टोपी बसवली की विंचरायचे ते लानच्यूने. पुरुषांनी त्या पडद्याकडे मान वळवायची नाही. लानच्यू फणी फिरवायची आणि लेकीशी हळू आवाजात बोलायची, घरातलं, गल्लीतलं, काहीबाही. त्या एका सकाळच्या जोरावर ती वर्ष काढायची. खारा वारा, धुपाचा धूर, तरी केस काळेभोर. लानच्यूला वाटे, पोर कुठे गेलेली नाही, इथेच आहे.

आणि आता नायलॉनचे केस येणार होते, मोबाइलवरून मागवलेले, खोक्यातून. शेजारच्या गावाने कधीच बसवले. धूळ बसली की साबणाने धुवा, झालं. पुढे नवस नको, वेणी नको, की कुणाच्या पोरीची आठवण नको. ही टूम समितीत काढली कुणी, तर बीयुननेच. मनातून सगळ्यांनाच वाईट वाटलं, पण हात वर करताना कुणी मागे राहिलं नाही.

बीयुनबद्दल गावाचं मत तसंही बरं नव्हतं. जाळी विणण्यात तिचा हात धरणारं किनाऱ्यावर कुणी नाही, ते सोडा. पण आमच्याकडे बाई म्हटली की डोक्यावर शिडासारखा अंबाडा हवा. माझूआईनेच तो घालून दिला म्हणतात. बीयुनचे केस मानेवर. जरा वाढले की कापते. विचारलं तर, मान उकडते म्हणे. अलीकडे तर कलपही लावायला लागली होती.

“या वयात कुणाला दाखवायचंय गं?” बायका विचारत.

“तुझ्या नवऱ्याला,” ती म्हणे आणि जाळ्याची गाठ दातांनी आवळे.

आज मात्र ती हसत नव्हती. “काढायचेच तर आत्ता काढू,” ती म्हणाली आणि तिने पडदा ओढला.

आत दोघीच. लानच्यूने फणी हातात घेतली, पण हात वर जाईना.

“समाधान झालं ना तुझं?” ती म्हणाली. “माझी पोर दुसऱ्यांदा जाळायला निघालीस.”

बीयुन मूर्तीच्या झग्याचे बंद सोडत राहिली.

“बरोबरच आहे. पोटी लेक असती तर कळलं असतं तुला.”

हे बोलायला नको होतं. लानच्यूलाही ते तोंडातून निघताक्षणीच कळलं, पण शब्द गिळायला ती तयार नव्हती. तिला रडू फुटलं. “तुझं सोड. आईनेही तोंड फिरवलं. एकदा नाही, तीनदा. माझ्याच लेकीचे केस मला द्यायला तिला काय जड होतं?”

बीयुनने टोपी हलकेच काढली, उलटी केली आणि लानच्यूच्या हातात दिली.

आतून गाठी होत्या. बारीक, दुपेडी, दातांनी आवळलेल्या. लानच्यूच्या नवऱ्याच्या जाळ्यात आजही तशाच गाठी आहेत. ती त्यांवरून बोट फिरवत राहिली.

“आईने खोटं नाही सांगितलं,” बीयुन म्हणाली. “तुझी सासू वारली, सुतकात तुला देवळात यायला बंदी, त्या साली मी एकटीच आत आले होते. केसांना कसर लागली होती. पाण्यात घातले तर रुईलिनचे केस भुग्यासारखे हातात आले. उरलेसुरले दर्यात सोडले, तुझ्या वाटचं रडून घेतलं. पण तुला येऊन काय सांगणार होते मी?”

लानच्यूने हातातल्या केसांकडे पाहिलं. मग बीयुनच्या उघड्या मानेकडे.

“म्हणजे इतकी वर्षं…”

“वाढले की कापायचे, बांधायचे. त्यात काय मोठंसं.” बीयुनने तिच्या हातातली फणी काढून घेतली. “अजूनही ओढलं असतं गं. पण कलपाचे आईला चालत नाहीत, आणि माझे आता पांढरे झाले.”