खिडकीखालची कर्दळ

छाटलेली पानं तिने बाजूला सारली आणि फावडं उचललं. या खेपेला कर्दळ कंदासकट उपटायची, असं तिने ठरवलं होतं.

आत मुलीची बॅग भरून तयार होती. उद्या ती नर्सिंगच्या कॉलेजला जाणार, वसतिगृहात राहणार. इतकी वर्षं तिच्यादेखत मुळांना हात लावायचा धीर झाला नव्हता.

कर्दळ अगदी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली होती. भांडी घासताना मान वर केली की समोर तीच, लालभडक. ती स्वतः दुसरेपणावर या घरात आली तेव्हा नवरा मुलीकडे बघत सहज बोलून गेला होता, "हिच्या आईला बागेचं फार वेड." तेवढं पुरलं. पहिलं फूल उमललं त्याच दिवशी तिने कर्दळ जमिनीलगत कापली.

मुलगी तेव्हा लहान होती, पायरीवर बसून बघत होती. संध्याकाळी मात्र तिने त्या बुंध्याला गुपचूप पाणी घातलं.

कर्दळ पुन्हा आली. दर वर्षी कापली, दर वर्षी आली. मुलगी तिला 'आई' नाही, 'मावशी' म्हणायची, विचारलं तेवढंच बोलायची. मेलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं?

फावडं कंदांच्या गुंत्यात अडकलं. तिची कंबर धरली. पाठीमागून मुलगी आली, गुडघ्यांवर बसली आणि हाताने माती उकरू लागली.

"तू कशाला? हात खराब होतील."

"तुम्हाला एकटीला नाही जमायचं, मावशी."

दोघी बराच वेळ उकरत राहिल्या. शेवटी तिनेच फावडं टाकलं. एक जाडसर कंद मोडून मुलीच्या हातावर ठेवला.

"हा घेऊन जा. तिकडे लाव कुठेतरी." तिने हातावरची माती झटकली. "मी चुकले गं. आईची एवढी एकच खूण होती तुझ्याजवळ."

मुलीने कंदाची माती अंगठ्याने पुसली.

"आईचं काहीच उरलं नव्हतं, मावशी. ती गेली त्याच वर्षी सगळी बाग वाळली." ती खालीच बघत होती. "ही मी लावली होती. नवी आई येणार, असं बाबा म्हणाले त्या दिवशी. तुम्हाला खिडकीतून दिसावी म्हणून."