न मिळालेलं पाकीट

माल उठेना, म्हणून रोह्याच्या एका औषध कंपनीने पॅकिंगच्या बायांचा पगार पाव हिश्शाने कमी केला आणि तशी पत्रं पाकिटात घालून वाटली. वैशालीला पाकीट मिळालं. तिच्या शेजारी उभं राहून तेच काम करणाऱ्या किमयाला मात्र नाही.

वैशालीच्या अंगाचा तिळपापड झाला. दहा वर्षं मर मर मरायचं आपण, आणि कालपरवा जिते गावाहून यायला लागलेली ही साहेबाची लाडकी!

दुसऱ्या दिवशी किमयाने धावीर महाराजांच्या देवळात नारळ फोडला आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना खोबरं वाटलं.

“घे गो वैशालीताय.”

“तूच खा. तुझा पगार शाबूत हाय!” म्हणत वैशाली ताडकन उठली, ती थेट साहेबाच्या केबिनमध्ये.

“आमचाच पगार कापता, तिचा का नाय? तिला काय सोनं लागलंय?”

साहेबाने दार लोटून घेतलं. “हळू बोला. ज्यांना कामावर ठेवायचंय, त्यांचाच पगार कापलाय. बाकीच्यांना हा महिना पूर्ण पगार देऊन एक तारखेपासून घरी बसवणार आहोत. तिला अजून सांगितलेलं नाही.”

वैशाली बाहेर आली. तिच्या वाटणीचं खोबरं रुमालात धरून किमया दाराशीच उभी होती.

 

“प्रसादाला नाय म्हणू नको गो ताय. माझ्यासारखाच तुला पण पूर्ण पगार मिळू दे, असं महाराजांना सांगून आलेय.”