साखळीतला हात

नीलमच्या मुठीत गौतमीचा हात गार पडला होता.

समोर दौंडची उंच मुलगी चढाईला आली होती. कबड्डी, कबड्डी म्हणत ती डावीकडे सरकत होती आणि न्हावऱ्याच्या मुलींची साखळी तिच्याबरोबर मागेपुढे होत होती. डाव्या कोपऱ्यात गौतमी. तिचा हात धरून कप्तान नीलम.

"गार पडलीस तू," नीलम पुटपुटली.

"मला काय झालं न्हाई. गप. आधी हिला धरू."

चढाईवालीचा पाय आत आला. गौतमीने झेप घेऊन घोटा पकडला, नीलम वरून कोसळली. शिट्टी वाजली. उठता उठताच नीलमने टाइम-आउट मागितला.

रेषेबाहेर बसून गौतमीने बोटाला सुई टोचली. मशीनवर साखर चोपन्न आली, फारच कमी. तिने ग्लुकोजची पुडी तोंडात रिकामी केली.

"अगं बया, शुगर हाय ना पोरीला?" प्रेक्षकांतून एक बाई ओरडली. "आन् साखर चारताय!"

संघाचे प्रशिक्षक साहेबराव सर मात्र तो आकडाच बघत होते. "झालं. आजपासून तू संघात न्हाई. मैदानात पडलीस तर तुझ्या आईला काय सांगू? कोपरा भारी खेळत होती म्हणून?"

गौतमीने तोंडातलं ग्लुकोज संपवलं. मग फळ्यापुढे उभी असल्यासारखी बोलली, "सर, माझ्या स्वादुपिंडातल्या इन्शुलीनच्या पेशी गेल्यात. पण त्यांच्या शेजारच्या हायेत. साखर उतरली की वर आणायचं काम त्यांचं."

"मग करत का न्हाईत?"

"इन्शुलीनवाल्या शेजारणी त्यांना दाबून ठेवायच्या. साखर उतरली की शेजारणी गप व्हायच्या. तोच त्यांना कामाला लागायचा इशारा. आता मी इन्शुलीन सुईनं घेते, ते मधीच गप होत न्हाई. आन् शेजारणीच न्हाईत, तर त्या गप झालेल्या कळणार कशा?"



"मला कळतं की," नीलम म्हणाली. "हिच्याआधी मला कळलं. हात माझ्याच हातात असतो, सर."

"मध्यंतरापर्यंत बाहेर बसायचं," सर म्हणाले. "नंतरचं नंतर बघू."

"सर, पकड?" गौतमीने विचारलं.

"पकड चांगली होती," सर रागातच म्हणाले.

गौतमीने बिस्किटं खाल्ली. मशीनवर आकडा वर आला. मध्यंतरात तिने पुन्हा पाहिला, टिकला होता. सरांनी स्वतः वाकून वाचला आणि बोटाने मैदान दाखवले.

शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत होते. दौंडची तीच उंच मुलगी मधल्या रेषेवर येऊन उभी राहिली. मैदान दौंडच्याच रेल्वेचं, तिच्या नावाचा ओरडा सुरू झाला. साखळी जुळली.

त्या गोंगाटात सरांचा आवाज आला. तो गौतमीसाठी नव्हता.

"नीलम! हात?"

जिंकलेल्या पैलवानाचा उचलतात तसा नीलमने गौतमीचा हात सगळ्यांसमोर वर केला.

"गरम हाय, सर!"