उजवा मॉनिटर

“लाइटवाला डब्बा पाहिजे,” अंकुश म्हणाला. “लाल-निळे लाइट लागले की गिऱ्हाईक चूप बसते.”

“लाइटनं फोटो एडिट होत नाही, भाऊ,” जयवंता म्हणाली. तिच्या दुकानाच्या काउंटरवर त्याचा नवा कॉम्प्युटर जोडून तयार होता. काळा, साधा, बिनलाइटचा. “रॅम भरपूर टाकली. आता पैसा मॉनिटरवर लावा. दिवसभर चेहरेच पाहता न तुम्ही?”

अंकुश हिंगणा रोडचा लग्नाचा फोटोग्राफर. वीस वर्षांत त्याच्या अल्बममधून एकही सावळी नवरी निघाली नव्हती.

“तुमचा अल्बम बी मीच केला होता न, ताई? काय गोरं केलं होतं तुमाले!”

“हाव न. मायनं पाहिला तं म्हणे, ही कोणाची पोरगी? मंग हातावरून ओळखलं. हात तेवढे सोडले होते तुम्ही.”

अंकुश खो-खो हसला.

“ओरिजिनल मागाले आली होती मी,” जयवंता म्हणाली.

“ते तं डिलीटच करतो. जागा काहून अडवाची?”

जयवंताही हसली. “बरोबर आहे. जा, समोर चहा पिऊन या. तोवर दोन मॉनिटर लावून ठेवते. आवडीन तो न्या.”

तो गेला. तिनं एकाच कंपनीचे, एकाच साइजचे दोन मॉनिटर शेजारी-शेजारी मांडले. माउसएवढं रंग मोजायचं यंत्र लावून दोन्ही पडदे नीट करून घेतले. मग उजव्या मॉनिटरच्या खालची बटणं दाबत बसली. थोडा उजेड वाढव, थोडा पांढरा वाढव. उजव्यावर आता कोणीही गोरं दिसलं असतं. फाइल मात्र होती तशीच. आणि छापायला लॅबमध्ये फाइल जाते, पडदा जात नाही.

अंकुश आला. पेनड्राइव्ह लावला.

“तुमच्या भाचीचाच लावतो टेस्टले. कालची हळद.”

दोन्ही पडद्यांवर प्रीती आली. फोटोग्राफर पोराकडच्यांनी ठरवला होता, तिला कोणी विचारलं नव्हतं. सकाळीच तिचा फोन आला होता, “अल्बममध्ये मीच दिसली पाहिजे वं, मावशी.”

“हा डावा खराब आहे,” अंकुश म्हणाला. “पोरगी काळी दिसून राहिली.”

“मंग उजवा पाहा.”

अंकुशनं खुर्ची ओढली. सवयीनं त्याचा हात गोरं करायच्या पट्टीवर गेला. एरवी तो चाळीसपर्यंत ओढायचा. आज दोनवरच थांबला.

“अरे वा! याच्यात तं मेहनतच नाही.”

“भाऊ, खरा रंग डावाच दाखवते बरं. आधीच सांगून ठेवते.”

“खऱ्या रंगाचं काय लोणचं घालू? उजवा बांधा.”

जयवंतानं उजवा बांधला. बटणांवर एक पट्टी चिकटवली. “याले हात नका लावजा. सेटिंग बिघडते.”

“नाही लावत, बाप्पा.”

“आन् ह्या दोन डिस्का. एक स्टुडिओत, एक घरी. कॅमेऱ्याचं कार्ड लावलं की ओरिजिनल आपोआप दोन्हीकडे जाते. तिथून डिलीट होत नाही.”

“काहून?”

“उद्या कोणी मागाले आलं तं?”

“कोण येते?”

“येतात,” जयवंता म्हणाली.

डिस्का जोडून डब्बा संध्याकाळी न्यायचं ठरलं. मॉनिटर मात्र अंकुशला धीर धरवेना. तो मांडीवर घेऊन ऑटोत बसला आणि तिथूनच ओरडला, “ताई, कळमेश्वरले चार स्टुडिओवाले आहेत माझ्या ओळखीचे. त्यायले बी हाच द्या!”

“पाठवा न, भाऊ. असाच सेट करून देते.”

ऑटो वळेपर्यंत ती हात हलवत राहिली. मग आत येऊन तिनं खोक्यातून आणखी एक नवा मॉनिटर काढला आणि खालची बटणं चाचपली.

डाव्या पडद्यावर प्रीती अजून तशीच होती. हळदीचे दोन्ही हात गालांवर ठेवून हसत होती. हातांचा आणि चेहऱ्याचा रंग एकच होता.