मुंगीचं पान

साल एकोणीसशे एक्क्याण्णव. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती, आणि दुसरीच्या बाईंनी वर्गात लग्नाचा कॅमेरा आणला.

कॅमेरा त्यांच्या धाकट्या दिराचा. भाऊजी लग्नांचं शूटिंग करायचे. त्या पंधरवड्यात लग्नं नव्हती, म्हणून वहिनीच्या शब्दाखातर ते धूड खांद्यावर घेऊन आले. बेत साधा होता: मुलांनी एकेक पान वाचायचं, मग टीव्हीवर स्वतःला वाचताना बघायचं. मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले, "बाई, जेवायला कधी यायचं तेवढं कळवा."

बाई हसल्या, पण त्यांचा जीव एका मुलीत अडकला होता. अक्षरावर बोट ठेवून एकेक शब्द तोडत वाचायची, म्हणून वर्ग तिला मुंगी म्हणायचा. ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत ती ओळीची सुरुवात विसरायची. परीक्षेआधीच्या शनिवारी तिने न पाहिलेलं एक पान सलग वाचलं नाही, तर तिला पुन्हा दुसरीतच बसवायचं, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं होतं. पुढच्या वर्षी तिची धाकटी बहीणही दुसरीत येणार होती.

टीव्हीवर मुंगीचं पान लागलं, तेव्हा चेहरा दिसलाच नाही. चार मिनिटं नुसता भांग. वर्ग खदखदून हसला. मुंगी बाईंपाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मी यात नाहीच आहे."

दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या अंगातला लग्नवाला जागा झाला. खाली बघणाऱ्या नवरीला सांगायचे त्याच सुरात ते म्हणाले, "ताई, जरा मान वर. इकडे बघा." तेही दर वाक्याला. बाई वैतागल्या. पोरगी वाचायला बसली आहे, फोटोला नाही, असं त्यांनी सुनावलंही. पण भाऊजींचा नाइलाज होता. खाली घातलेलं डोकं टिपायला त्यांचा हातच धजत नव्हता.

मुंगी मात्र इरेला पेटली. मान वर करायची, तर वाक्य आधी डोळ्यांत भरून घ्यायला हवं. ती ओठ मिटून वाक्य गिळायची, मग मान वर करून ते कॅमेऱ्याला सांगायची. रोज मधल्या सुट्टीत नवं पान, रोज टीव्हीवर. चौथ्या दिवशी बोट सुटलं. आठवड्याने बाईंच्या ध्यानात आलं, की ही आता वाचत नाही, सांगते आहे. त्यांनी भाऊजींना टोकणं सोडून दिलं.

शनिवारी मुख्याध्यापकांनी वरच्या वर्गाचं पुस्तक उघडून तिच्यापुढे सरकवलं. खोलीत कॅमेरा नव्हता. पान विहिरीत पडलेल्या वासराचं होतं. मुंगी दर वाक्याअखेर मान वर करून थेट मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत बघत होती. तीस वर्षांत परीक्षा देणाऱ्या एकाही पोराने त्यांच्याकडे असं बघितलं नव्हतं. एकदा ती अडखळली, मागे गेली, अख्खं वाक्य पुन्हा म्हणाली. पान संपलं.

मुख्याध्यापक पुढे वाकले. "मग? निघालं का वासरू?"

"ते पुढच्या पानावर असेल," मुंगी म्हणाली. "वाचू?"

मुंगी तिसरीत गेली. मुख्याध्यापक दोन वर्षांनी निवृत्त झाले; जाण्याआधी शाळेसाठी कॅमेरा मागवून गेले. गुडघ्यांनी साथ दिली तोवर भाऊजी लग्नांत राबले. मुंगीच्या कॅसेटवर त्यांनी चुकून कुणाचं तरी लग्न चढवलं, त्यावरून बाई त्यांच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत.

मुंगी एका मोठ्या इस्पितळात नर्स झाली. ऑपरेशनआधी नातेवाइकांना संमतीचा कागद वाचून दाखवणं तिच्याकडे असतं. दुसरं कुणी वाचत असलं, की लोक न ऐकताच सही करून मोकळे होतात. तिच्यासमोर मात्र शेवटपर्यंत ऐकतात, आणि मग प्रश्न विचारतात.