भेगांतला धूर

शेताच्या भेगांतून धूर येत होता.

इंदूबाई परसदारी भांडी घासत होती, ती राखेच्या हातांनीच उभी राहिली. भात कापून महिना झालेला, खाचर वाळून तडकलेलं. बांधाअलीकडच्या त्या तडांतून, इथून एक, तिथून एक, धुराच्या रेघा वर निघाल्या होत्या. विस्तव दिसत नव्हता, माणूस दिसत नव्हता.

काल संध्याकाळीच मास्तरांनी कडावच्या शाळेपुढे पडदा बांधून जादूच्या कंदिलाची चित्रं दाखवली होती. ज्वालामुखी दोन तऱ्हेचे, ते म्हणाले. एकाला डोंगर असतो, डोंगराला तोंड असतं. ते बुजलं की आतली वाफ कोंडते आणि डोंगराचं डोकंच उडतं. दुसऱ्याला ना डोंगर, ना आवाज. सपाट जमीन भेगाळते, आधी धूर येतो, मग तापलेला रस घावनाच्या पिठासारखा पसरत जातो. थरावर थर. आपला माथेरान तसाच झाला. याला कोट्यवधी वर्षं लोटली, असंही मास्तर शेवटी म्हणाले. पण चुलीची घाई असलेल्या बायका तोवर घरी निघाल्या होत्या, आणि इंदूबाई त्यांत पहिली.

नवरा भाताची गाडी घेऊन कर्जतला गेलेला. घरात सासू मोतीबाई, कंबर मोडून तीन वर्षं बाजेवर. इंदूबाई तिचं सगळं करी, पण मुक्यानं. ताट ठेवायचं, ताट उचलायचं. पूर्वीचे टोमणे ती विसरली नव्हती.

"जमीन फाटली, आत्याबाई," एवढं ओरडून तिने शेळी सोडली, पेटीतली चांदीची साखळी कनवटीला लावली आणि अंगणातून पळत सुटली.

कुंपणाशी तिचे पाय अडले. आतून हाक आली नव्हती. पाण्याचा तांब्या द्यायला उशीर झाला तर आळी गोळा करणारी म्हातारी, आणि आज चकार शब्द नाही. धुरापेक्षा इंदूबाईला त्या शांततेचीच जास्त भीती वाटली. ती माघारी धावली.

"गळ्याला हात घाला. घट्ट."

सासूला पाठीवर घेऊन ती मागच्या माळावर चढली. छाती फुटायची वेळ आली होती. पाठीवरचं ओझं मात्र फोलासारखं हलकं होतं, आणि एवढी हलकी झालीय हे आपल्याला कसं कळलं नाही, याची तिला लाज वाटली.

माथ्यावरून तिने वळून पाहिलं. बांधापलीकडे जैतू कातकरी वाकून बसला होता. बिळाच्या तोंडाला पेटत्या गवरीचं फुटकं मडकं लावून आत धूर फुंकत होता. त्याची बायको बुधी पुढच्या बिळावर काठी घेऊन टपलेली. दर वर्षी कापणी झाली की ते असेच उंदरांमागे येत. इंदूबाई लग्न होऊन आल्यापासून बघत होती.

ती सासूसकट खाली बसली. उंदरांचा धूर होता, असं ओशाळून पुटपुटली.

मोतीबाईने गळ्यातले हात काढले नव्हते.

"ठावं हाय. गवरीचा वास बाजेवर आला व्हता," ती म्हणाली. "हाक मारली असती तर तू आलीच असतीस गं. न बोलावता येतेस का, त्ये बघायचं व्हतं."